डेव्हिसचं काय करायचं? (आणि पिचिंगचं तर विचारूच नका)

कॅमडेनकर | ९ एप्रिल २०१९, सकाळी ७:१०

काल रात्री आप्पांना घेऊन कॅमडेन यार्ड्सला, म्हणजे आपल्या बाल्टिमोर ओरिओल्सच्या मैदानावर, गेलो होतो. आप्पा म्हणजे वडील, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेत. बेसबॉल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. वरच्या मजल्यावर आमच्या अख्ख्या रांगेत आम्ही दोघंच. आप्पांनी कानटोपी घातलेली, तिच्यावर मी बळेच ओरिओल्सची टोपी बसवलेली.

पाचव्या इनिंगला क्रिस डेव्हिसने चेंडू बरा मारला, पण थेट डावीकडच्या फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये. झालं. सलग ४७ ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या), एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) नाही. पिचर (चेंडू टाकणारे) सोडून कुठल्याही खेळाडूच्या नावावर एवढी लांब साखळी नव्हती. आधीचा विक्रम युजेनिओ व्हेलेझचा, ४६ चा. मॅच संपेपर्यंत आकडा ४९ झाला. गंमत म्हणजे आपण १२-४ ने जिंकलो. बाकीच्यांनी धुतलं, हा एकटा कोरडा.

आप्पांनी विचारलं, "ह्याला बसवत का नाहीत रे?" मी कंत्राटाचा आकडा सांगितला. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एवढा महागाचा बैल घेतल्यावर गोठ्यात कोण बांधून ठेवील?"

तर धागा त्यासाठी. बसवायचा, खेळवायचा, की पैसे देऊन घरी पाठवायचा?

खेकडेवाला | ९ एप्रिल, सकाळी ७:४२

घरी पाठवायचा. कालच. परवाच. गेल्या सप्टेंबरलाच.

शेवटची हिट १४ सप्टेंबरला मारली होती साहेबांनी. तेव्हा आमच्याकडे गणपती बसले होते. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचे तिळगूळ संपले, परवा गुढीही उभारून झाली. अजून हिट नाही.

नानासाहेब_रॉकव्हिल | ९ एप्रिल, सकाळी ८:१५

मी १९७९ पासून या टीमचा भक्त आहे. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये (सीझनची अंतिम लढत) ३-१ ने पुढे असताना पिट्सबर्गकडून हरलो, तेव्हापासून काळजाला घट्टे पडलेत. त्यामुळे एक विनंती: गडी पडलाय म्हणून लाथा घालू नका. २०१३ मध्ये याच डेव्हिसने ५३ होम रन (आपल्याकडचा षटकार समजा) आणि १३८ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन) केले होते. तेव्हा तुम्हीच "क्रश डेव्हिस" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होतात. मैदानालगतच्या युटॉ स्ट्रीटवर जिथे जिथे होम रन पडले तिथे जमिनीत पितळी खुणा बसवल्यात. त्यातल्या कितीतरी याच्या नावाच्या आहेत. काल आत जाताना त्यांच्यावरूनच चालत गेला असाल.

खेकडेवाला | ९ एप्रिल, सकाळी ८:३१

नानाकाका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पितळी खुणा काल खेळत नव्हत्या.

पूर्वा_एस | ९ एप्रिल, सकाळी ९:०५

आधी आकडे समोर ठेवते, मग भांडा.

२०१८ मध्ये त्याची सरासरी ०.१६८ होती, म्हणजे शंभर पाळ्यांत जेमतेम सतरा हिट. पात्र ठरण्याइतकं खेळलेल्या बॅटर्समध्ये इतिहासातली सगळ्यात कमी. आधीचा नीचांक ०.१७९, १९९१ चा रॉब डीअर आणि २०१३ चा डॅन अग्ला. १६ होम रन, १९२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले चांगले चेंडू, होऊन बाद).

माझ्या मते अडचण दोन ठिकाणी आहे. एक, शिफ्ट. हा डावखुरा आणि चेंडू ओढून उजवीकडेच मारणार हे सगळ्या लीगला पाठ झालंय. मग फर्स्ट आणि सेकंड बेसच्या मधल्या पट्ट्यात तीन-तीन फिल्डर उभे करतात. पूर्वी ज्या जमिनीवरच्या हिट व्हायच्या त्या आता सरळ हातात जातात. दोन, आणि हे जास्त वाईट: तो बॅट फिरवतच नाही. तिसरा स्ट्राइक डोळ्यासमोरून जातो आणि हा खांद्यावर बॅट ठेवून बघत राहतो. चुकीचा फटका मारून आउट होणं वेगळं. हे म्हणजे रिक्षा समोरून गेल्यावर हात करणं.

शिरीष_ठाणे | ९ एप्रिल, सकाळी ९:२०

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचायला मजा येतेय. तीन फिल्डर एका बाजूला असतील तर दुसरी बाजू मोकळी ना? तिकडे हलकेच ढकलून एक रन का घेत नाही? आपल्याकडे शाळेतला पोरगाही थर्डमॅनला ढकलतो.

पूर्वा_एस | ९ एप्रिल, सकाळी ९:३३

शिरीष, हा प्रश्न इथल्या प्रत्येक बारमध्ये रोज रात्री विचारला जातो. त्याला बंट म्हणतात. सांगायला सोपं. समोरून ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू, गोल बॅट, आणि ज्याने पंधरा वर्षं फक्त अंगातला जोर काढून मारायची सवय लावून घेतली तो माणूस. सेहवागला सांगा, बाबा रे, आजपासून फक्त लेग ग्लान्स.

खेकडेवाला | ९ एप्रिल, सकाळी ९:४०

सेहवागला वर्षाला २ कोटी ३० लाख डॉलर दिले असते तर त्याने उलट्या हाताने खेळूनही दाखवलं असतं.

सात वर्षं, १६ कोटी १० लाख डॉलर. जानेवारी २०१६ मध्ये सही केली. शिवाय त्यातले ४ कोटी २० लाख मागे ठेवलेत. ते हप्त्याहप्त्याने द्यायचे, शेवटचा हप्ता २०३७ साली. तोवर माझी मुलगी नोकरीला लागलेली असेल.

पिनस्ट्राइप_पुणेकर | ९ एप्रिल, सकाळी १०:०२

न्यू जर्सीहून नमस्कार. मी यांकीजचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या टीमचा, त्यामुळे तसा परका, पण एक नम्र निरीक्षण. डेव्हिस हा तुमचा प्रॉब्लेम नाहीच. तुमचा प्रॉब्लेम टेकडीवर उभा राहून चेंडू टाकतो. रविवारी तुमच्याच घरी येऊन १५-३ ने हरवलं. सात होम रन, त्यातले तीन एकट्या गॅरी सांचेझचे. डेव्हिसने पाच हिट मारल्या असत्या तरी १५-८ झालं असतं फार तर.

हलके घ्या.

कॅमडेनकर | ९ एप्रिल, सकाळी १०:१५

पुणेकर आला म्हणजे शालजोडीतला येणारच. पण मुद्दा बरोबर आहे, म्हणून जास्त झोंबला.

शिरीष_ठाणे | ९ एप्रिल, सकाळी १०:२८

पुढचा अडाणी प्रश्न. पिचिंग रोटेशन म्हणजे नेमकं काय? बुमराह तर सलग तीन मॅच खेळतो.

कॅमडेनकर | ९ एप्रिल, सकाळी ११:१०

चहा घेतो आणि सांगतो.

सीझनमध्ये १६२ मॅच, जवळजवळ रोज एक. मॅच सुरू करणारा पिचर म्हणजे स्टार्टर. तो नव्वद-शंभर चेंडू टाकतो, प्रत्येक चेंडू जीव खाऊन. त्यानंतर त्याचा हात चार दिवस कामाचा राहत नाही. कोपरातला स्नायुबंध फाटला की ऑपरेशन, आणि वर्ष-दीड वर्ष घरी. म्हणून पाच स्टार्टर ठेवायचे आणि आळीपाळीने टाकायला लावायचे. सोसायटीत पाण्याची पाळी असते ना, तसं. हे झालं रोटेशन. स्टार्टर दमला की बुलपेनमधले (राखीव पिचर बसतात ती जागा) रिलीव्हर येतात, एकेक दोन-दोन इनिंग ढकलतात.

पाचातला एक जरी फुसका निघाला तरी दर पाचव्या दिवशी बुलपेनवर बोजा पडतो, आणि मग चांगल्या स्टार्टरच्या दिवशीही मागे टाकायला कोणी उरत नाही. आमच्याकडे परिस्थिती अशी: ॲलेक्स कोब, ज्याच्यासाठी चार वर्षांचे ५ कोटी ७० लाख मोजले, तो जायबंदी. अँड्र्यू कॅशनर आणि डिलन बंडी आहेत. डेव्हिड हेस आहे. त्यापुढे मोजायला बोटं आहेत, माणसं नाहीत. सीझनच्या दुसऱ्याच मॅचला नेट कार्न्सला "ओपनर" म्हणून दोन इनिंगपुरता पाठवला. नाव मोठं छान आहे, पण खरा अर्थ एवढाच की घरात भाजी नाही, लोणच्यावर भागवा.

नानासाहेब_रॉकव्हिल | ९ एप्रिल, दुपारी १२:०५

बंडीबद्दल वाईट वाटतं. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात तो) चौथ्या क्रमांकावर घेतलेला पोरगा, २०१३ मध्ये कोपराचं ऑपरेशन, आणि गेल्या वर्षी ४१ होम रन खाल्ले, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. कॅन्सस सिटीविरुद्धची ती मे महिन्यातली मॅच मी टीव्हीवर पाहिली. एकही आउट न घेता चार होम रन आणि सात रन. मी पाणी प्यायला उठलो, परत येऊन बसलो, तो माणूस गेलेला.

डावखुरा_७१ | ९ एप्रिल, दुपारी १२:४०

हेसचा विषय काढलात म्हणून. १ एप्रिलला टोरंटोत त्याने सव्वासहा इनिंगच्या वर टाकल्या, एकही हिट दिली नाही, फक्त ८२ चेंडू. आणि नवे मॅनेजर, म्हणजे टीमचे मुख्य कोच, ब्रँडन हाइड साहेब आले, चेंडू काढून घेतला! नो-हिटर चालू असताना! पुढच्या पिचरला लगेच होम रन बसला आणि ६-० ची मॅच ६-५ ने कशीबशी वाचली. मला वाटलं एप्रिल फूल आहे.

पूर्वा_एस | ९ एप्रिल, दुपारी १२:५८

हाइडचं बरोबर होतं. हेसने चारच दिवस आधी यांकीजविरुद्ध रिलीफमध्ये टाकलं होतं. वर लिहिलंय तेच: पाच माणसं नाहीत. एक हात तोडून घेऊन नो-हिटरचं प्रमाणपत्र भिंतीला लावायचं का?

डावखुरा_७१ | ९ एप्रिल, दुपारी १:०४

लावायचं. गेल्या वर्षी ४७ जिंकून ११५ हरलो. भिंत रिकामीच आहे, ताई.

खेकडेवाला | ९ एप्रिल, दुपारी १:२०

तोडगा: डेव्हिसलाच पिचिंगला घाला. मी थट्टा करत नाहीये. ६ मे २०१२, बोस्टन, १७ इनिंगची मॅच. पिचर संपले. त्या दिवशी बॅटिंगमध्ये हा ८ पैकी ०, पाच स्ट्राइकआउट. मग टेकडीवर उभा राहिला, दोन इनिंग टाकल्या, एकही रन दिला नाही, एड्रियन गोन्झालेझचा स्ट्राइकआउट घेतला आणि विजयी पिचर म्हणून नाव लागलं. अजून त्याच्या नावापुढे १-० आहे, एक विजय, शून्य पराभव. आमच्या रोटेशनमध्ये असा स्वच्छ रेकॉर्ड दुसऱ्या कोणाचा आहे ते सांगा.

वाचनमात्र_सदस्य | ९ एप्रिल, दुपारी १:३३

पहिलाच प्रतिसाद. हसून डब्यातली पोळी नाकात गेली.

नानासाहेब_रॉकव्हिल | ९ एप्रिल, रात्री ९:५०

हुर्यो उडवण्याबद्दल एकदा बोलायचंच होतं. ४ तारखेला घरच्या पहिल्या मॅचला डेव्हिसचे तीन स्ट्राइकआउट झाले आणि लोकांनी त्याची जी हुर्यो उडवली ती ऐकवत नव्हती. तिकीट काढलंय, हक्क आहे, मान्य.

पण १९८८ ची गोष्ट ऐका. सीझनच्या पहिल्या २१ मॅच आपण हरलो. एकवीस! सहाव्या पराभवानंतर मॅनेजर कॅल रिपकन सीनियरना काढून फ्रँक रॉबिन्सनला आणलं, तरी हरतच राहिलो. शिकागोत एकदाची एक जिंकली, पुढच्या पुन्हा हरलो, आणि १-२३ असा हिशोब घेऊन टीम घरी आली. त्या रात्री जुन्या मेमोरियल स्टेडियमवर पन्नास हजारांवर लोक आले. मी होतो. बायकोला बरं नव्हतं तरी गेलो, ते ती अजून ऐकवते. एकही माणूस ओरडला नाही, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

खेकडेवाला | ९ एप्रिल, रात्री १०:०६

नानाकाका, ते २५ जण मिळून हरत होते. त्यांच्यातल्या कोणाला हरण्यासाठी वर्षाला २ कोटी ३० लाख डॉलर मिळत नव्हते. मी हुर्यो डेव्हिसची उडवत नाही, त्या सहीची उडवतो.

नानासाहेब_रॉकव्हिल | ९ एप्रिल, रात्री १०:११

सही करणारा वर काचेच्या खोलीत असतो. त्याला ऐकू येत नाही. ऐकू येतं ते खालच्याला.

पूर्वा_एस | १० एप्रिल, सकाळी ८:४५

नानाकाकांना +१. आणि अजून एक आठवण, थोडी अवांतर. २९ एप्रिल २०१५. पोलिसांच्या ताब्यात जखमी झालेल्या फ्रेडी ग्रेच्या मृत्यूनंतर शहर पेटलं होतं, म्हणून शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्धची मॅच एकही प्रेक्षक न घेता खेळवली. मी तेव्हा मेडिकल कॅम्पसजवळ राहायची, खाली रस्त्यावर नॅशनल गार्डच्या गाड्या. टीव्ही लावला तर रिकाम्या खुर्च्या, समालोचकाचा आवाज, आणि मधेच लाकडाचा असा कोरडा ठक्क आवाज. पहिल्याच इनिंगला डेव्हिसचा तीन रनचा होम रन. चेंडू कुठे पडला ते बघायला स्टँडमध्ये कोणी नव्हतं. तो बेसवरून धावत होता आणि त्याच्या बुटांचा आवाज येत होता की मला तसं वाटलं, माहीत नाही. त्या आठवड्यात शहरातली तीच एक गोष्ट बरी झाली होती. मला त्याची हुर्यो उडवता येत नाही. तर्क नाही यात.

डावखुरा_७१ | १० एप्रिल, सकाळी ९:१२

ही आठवण आवडली. पण २०१४ मध्ये ॲडेरॉल घेतल्याबद्दल २५ मॅचची बंदी आली आणि ऐन प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) तो नव्हता, हेही आठवतं. अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत आपण चारही मॅच हरलो, कॅन्सस सिटीकडून. तेव्हा एक फटका बसला असता तर?

पूर्वा_एस | १० एप्रिल, सकाळी ९:३०

ते औषध एडीएचडीचं आहे आणि परवानगी असेल तर चालतं. त्या वर्षी त्याच्याकडे परवानगी नव्हती, ही चूक त्याचीच. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली आणि ४७ होम रन मारले. त्यावरच तर कंत्राट मिळालं.

पिनस्ट्राइप_पुणेकर | १० एप्रिल, सकाळी १०:००

म्हणजे रिकाम्या स्टेडियमसाठी आणि एका चांगल्या वर्षासाठी १६ कोटी. आमच्याकडे भावना कमी आणि ट्रॉफ्या जास्त असण्याचं कारण आज कळलं.

खेकडेवाला | १० एप्रिल, सकाळी १०:०४

ए पुणेकर, आमच्या घरातलं भांडण आहे. तू दुपारी एक ते चार झोप.

कॅमडेनकर | १३ एप्रिल २०१९, दुपारी

मारलीऽऽऽऽ!

बोस्टन, पहिली इनिंग, बेसेस भरलेले, समोर पिचर रिक पोर्सेलो. उजवीकडे सिंगल (एका बेसची हिट), दोन रन. साखळी ५४ वर तुटली. फर्स्ट बेसवर उभा राहून हसतोय, डगआउटमध्ये (टीमच्या बाकावर) पोरं वेडी झालीत, चेंडू आठवण म्हणून आत मागवून घेतला. आप्पा सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवतायत. त्यांना नियम अजून कळलेले नाहीत, पण हे कळलं.

नानासाहेब_रॉकव्हिल | १३ एप्रिल, संध्याकाळी

तीन हिट मारल्या आज! चार आरबीआय! ९-५ ने जिंकलो! पेढे.

पूर्वा_एस | १४ एप्रिल

बातमी वाचलीत का? बोस्टनच्याच एका नऊ वर्षांच्या पोराने, म्हणजे समोरच्या टीमच्या फॅनने, त्याला हाताने लिहिलेलं पत्र दिलं होतं. तू कसा खेळतोस आणि तू माणूस म्हणून किती चांगला आहेस याचा काही संबंध नाही, अशा अर्थाचं. ते वाचून झाल्यावर ही हिट.

खेकडेवाला | १४ एप्रिल

ठीक आहे. आज काही बोलत नाही.

(उद्या बोलेन.)

डावखुरा_७१ | २६ जुलै २०१९, पहाटे

धागा वर काढतोय कारण झोप लागत नाहीये. अनाहाइमची मॅच आत्ता संपली. १६ इनिंग. पिचर संपले म्हणून आउटफिल्डर स्टीव्ही विल्करसनला शेवटच्या इनिंगला टेकडीवर पाठवला. ताशी ५५ मैलांचे चेंडू टाकत होता, म्हणजे गल्लीत टेनिस बॉलने खेळतो तसे. तिन्ही बाद! १०-८! सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरच्या नावावरची नोंद) हा आकडा १९६९ मध्ये अधिकृत झाल्यापासून पिचर नसलेल्या माणसाने घेतलेला हा पहिला सेव्ह.

कॅमडेनकर | २६ जुलै, सकाळी ७:३०

आमचं रोटेशन शेवटी कुठे पोचलं बघा. कॅशनर बरा टाकत होता, ९-३ झाला होता, तर लगेच बोस्टनला देऊन टाकला. नव्या जनरल मॅनेजरचं, माइक एलायसचं, धोरण उघड आहे: आता जिंकायचंच नाहीये. विका, हरा, ड्राफ्टमध्ये वरचा नंबर घ्या. जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर ॲडली रचमन घेतला. तो येईपर्यंत आपण तिकिटं काढत राहायची.

एकच पणती आहे, जॉन मीन्स. अकराव्या फेरीत घेतलेला, सीझनच्या सुरुवातीला बुलपेनच्या कोपऱ्यात बसलेला पोरगा, आणि आज आपला एकमेव ऑलस्टार. त्याचा तो चेंज-अप बघा. हात फास्टबॉलच्याच वेगाने येतो आणि चेंडू मागाहून रमतगमत येतो. बॅटर आधीच फिरवून मोकळा.

खेकडेवाला | २६ जुलै, सकाळी ८:०२

आणि डेव्हिस?

कॅमडेनकर | २६ जुलै, सकाळी ८:१०

डेव्हिस आहे. सरासरी ०.२०० च्या खाली.

शिरीष_ठाणे | २६ जुलै, सकाळी ८:२५

मी आता रोज स्कोअर बघतो. बायको म्हणते, आयपीएलमध्ये हरणारी टीम मिळाली नाही म्हणून तिकडची शोधलीत का?

पूर्वा_एस | ८ ऑगस्ट २०१९

कालचं पाहिलंत? यांकीजविरुद्ध दोन इनिंगच्या मधे डगआउटमध्ये डेव्हिस मॅनेजरच्या अंगावर जायला निघाला. मार्क ट्रंबो आणि बॅटिंग कोचने धरून मागे ओढला. हाइड शांतपणे मैदानाकडे बघत चिंगम चघळत असल्यासारखे.

नानाकाका, आता तुम्ही बोला.

नानासाहेब_रॉकव्हिल | ८ ऑगस्ट

काय बोलू. चुकलंच त्याचं. पण चार महिने शांत राहिलेला माणूस एक दिवस भांडी आपटतो तेव्हा मला नवल वाटत नाही. मी निवृत्त झालो त्याच्या आदल्या वर्षी ऑफिसात असाच एकदा फाइल फेकली होती.

पिनस्ट्राइप_पुणेकर | २३ ऑगस्ट २०१९

अभिनंदन! काल टँपा बेविरुद्ध २५९ वा होम रन खाल्लात. २०१६ च्या सिनसिनाटीचा २५८ चा विक्रम मोडला, आणि सीझनचा महिना-सव्वा महिना अजून बाकी. यात आमच्या ग्लेबर टोरेसचे एकट्याचे १३ आहेत. त्याला तुमच्याकडे जावयासारखी वागणूक मिळते.

खेकडेवाला | २३ ऑगस्ट

हेच मला म्हणायचं होतं आणि आज पुणेकराच्या तोंडून ऐकावं लागतंय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एप्रिलपासून मी एका माणसाच्या नावाने शंख करतोय. तो दर नऊ बॅटर्समधला एक. पिचर प्रत्येक चेंडूला मैदानात असतो. २५९ वेळा चेंडू कुंपणापार गेला आणि एकाही पिचरची डेव्हिसएवढी हुर्यो उडाली नाही, कारण पिचर दर आठवड्याला नवा होता, नाव पाठ व्हायच्या आत नॉरफोकला, आपल्या खालच्या लीगमधल्या टीमकडे, परत. रोज मरे त्याला कोण रडे. डेव्हिस तेवढा रोज तिथेच उभा.

(म्हणून त्याला माफ केलं असं नाही. फक्त हिशोब नीट मांडतोय.)

नानासाहेब_रॉकव्हिल | २३ ऑगस्ट

खेकडेवाले, तुमच्या घरी चहाला येतो.

खेकडेवाला | २३ ऑगस्ट

शनिवारी या. ब्लू क्रॅब आणतो. पण इथल्यासारखा ओल्ड बे मसाला भुरभुरवून नाही, घरचं वाटप लावून.

कॅमडेनकर | ३० सप्टेंबर २०१९

संपला एकदाचा. ५४ जिंकलो, १०८ हरलो. ३०५ होम रन दिले. लिहिताना हात थांबला, म्हणून पुन्हा तपासलं. ३०५ च. मीन्स १२-११.

आप्पा परवा साताऱ्याला परत गेले. जाताना टोपी घेऊन गेले.

पूर्वा_एस | ६ मे २०२१

धागा गाळातून वर काढतेय, पण कारण तसंच आहे. मीन्सने काल सिअ‍ॅटलमध्ये नो-हिटर टाकला! १२ स्ट्राइकआउट, एकही वॉक (वाईट चेंडू टाकून फुकट दिलेला बेस) नाही. एकच माणूस बेसवर गेला, तोही तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला म्हणून, आणि लगेच चोरी करताना बाद. २७ बॅटर, २७ आउट. ओरिओल्सच्या एकट्या पिचरने पूर्ण केलेला नो-हिटर १९६९ च्या जिम पामरनंतर हाच.

डावखुरा_७१ | ६ मे २०२१

भिंतीला लावलं. शेवटी लावलं. आणि कोणी मधेच चेंडू काढून घेतला नाही.

कॅमडेनकर | १२ ऑगस्ट २०२१, संध्याकाळी

आज डेव्हिस निवृत्त झाला. गेल्या वर्षीच्या छोट्या सीझनमध्ये ५२ पैकी ६ हिट, यंदा पाठीचं दुखणं, मग कंबरेच्या सांध्याचं ऑपरेशन. एकही मॅच खेळला नाही. एकूण २९५ होम रन, त्यातले २५३ आपल्यासाठी.

नानासाहेब_रॉकव्हिल | १२ ऑगस्ट

३०० ला पाच कमी. त्याने आणि त्याच्या बायकोने दोन वर्षांपूर्वी इथल्या मुलांच्या हॉस्पिटलला ३० लाख डॉलर दिले होते, तेही कुठेतरी लिहून ठेवा.

खेकडेवाला | १२ ऑगस्ट

लिहिलं.

आणि त्या १७ इनिंगच्या मॅचमधला तो विजय. १-० चा पिचर म्हणूनच निवृत्त झाला. ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

कॅमडेनकर | १२ ऑगस्ट, रात्री

आत्ता आप्पांना फोन लावला. म्हटलं, तुमचा बैल सुटला. म्हणाले, "पैसे?" म्हटलं, राहिलेले हप्ते २०३७ पर्यंत चालू राहतील. थोडा वेळ लाइनवर फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "म्हणजे पेन्शनीत बसला. माझ्यापेक्षा बरी आहे."

आणि मग विचारलं, काल जिंकले का.

शिरीष_ठाणे | १२ ऑगस्ट, रात्री

नाही. ओळीने हरतायत, मी बघतोय रोज. उद्या पिचर कोण आहे?

पूर्वा_एस | १२ ऑगस्ट, रात्री

वेबसाइटवर लिहिलंय: ठरायचा आहे.